कॅथलॅबमधल्या त्या सिस्टरना

प्रिय सिस्टर,

कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयाच्या धमन्यांत नळी घालतात त्या खोलीत, माझी अँजिओप्लास्टी झाली तेव्हा तुम्ही माझ्याजवळ होतात. तुमचं नाव मला माहीत नाही. डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क, अंगात शिशाचा जाडजूड अ‍ॅप्रन. दिसत होते ते फक्त डोळे, आणि लक्षात राहिला तो आवाज. डिस्चार्जच्या गडबडीत नाव विचारायचं राहून गेलं, त्याची रुखरुख अजून जात नाही. म्हणून हे पत्र असं जाहीर लिहितेय. वाचलंत तर ओळखाल.

मी घाबरले होते ती वडिलांच्या आठवणीने. त्यांची बायपास झाली तेव्हा मी कॉलेजात होते. छातीचं हाड कापून, पुन्हा तारेने बांधून त्यांना घरी पाठवलं होतं. पुढे कितीतरी आठवडे खोकला आला की ते छातीशी उशी घट्ट आवळून धरायचे. हृदयाचं काही करायचं म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे ती उशीच येते. त्या ऑपरेशनने त्यांना पुढची बरीच वर्षं दिली, हेही खरं. काही ब्लॉकेजना आजही बायपासच लागते, असं माझ्या डॉक्टरांनीही स्पष्ट सांगितलं. माझी अँजिओप्लास्टी मात्र मनगटातून होणार होती: धमनीतून नळी हृदयापर्यंत न्यायची आणि अरुंद झालेली जागा फुग्याने रुंद करायची. मी मान डोलावली, संमतीपत्रावर सही केली. डोक्यात काही म्हणजे काही शिरलं नव्हतं.

टेबल अरुंद आणि थंडगार. हिरव्या कापडाखाली मी गळ्यापर्यंत झाकलेली. तेव्हा तुम्ही माझ्या डाव्या कानाशी वाकून म्हणालात, "प्रत्येक गोष्ट मी आधी सांगेन. न सांगता काहीही होणार नाही."

आणि शब्द पाळलात. "आता टोचेल, मग थोडं चरचरेल." टोचलं, चरचरलं, आणि मनगट बधिर झालं. नळी वर सरकायला लागली तसा हात कोपरापर्यंत कोणीतरी पिळावा तसा आवळून आला. मी दात आवळून गप्प पडून होते. तुम्ही माझ्या कपाळाकडे पाहून ओळखलंत. "हात दुखतोय ना? मग सांगायचं. बायकांची ही धमनी मुळात बारीक, नळी गेली की आखडते. डॉक्टर नळीतूनच औषध देताहेत. श्वास सोडा, मूठ सोडा." तुमचा हात माझ्या डाव्या खांद्यावर होता. जेमतेम २ मिलिमीटर जाडीची ती नळी. पण खांद्यावर हात नसता तर मी ती पुढे जाऊ दिली नसती, असं मला अजून वाटतं.

मग म्हणालात, "आता जास्त डाय, म्हणजे पडद्यावर दिसणारं द्रव्य, सोडणार. अंगभर गरम लाट येईल, लघवी झाल्यासारखंही वाटेल. झालेली नसेल, संकोच करू नका." अगदी तसंच वाटलं. तुम्ही आधी सांगितलं नसतंत तर मी शरमेने अर्धी झाले असते.

पडद्यावर माझ्या धमन्या झाडाच्या काळ्या फांद्यांसारख्या उमटायच्या आणि विरायच्या. पुढच्या बाजूच्या मोठ्या फांदीत एक जागा चिमटीत धरल्यासारखी. तिथे फुगा न्यायचा होता. "फुगवला की जिना चढताना येतं तेच दुखणं येईल. काही सेकंदच." दुखणं आलं, ओळखीचंच. तुम्ही मोठ्याने आकडे मोजत राहिलात आणि ते ओसरलं. स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळीदार नळी, बसल्यावर तीच फांदी शेवटपर्यंत भरून काळी झालेली मी स्वतः पाहिली.

घरी आल्यावर हे सगळं सुरू कुठून झालं ते वाचलं. १९२९ साली जर्मनीत वेर्नर फोर्समान नावाच्या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच दंडाच्या शिरेतून ६५ सेंटिमीटर नळी हृदयापर्यंत घातली आणि तशीच आत ठेवून एक्स-रे काढायला गेला. वरिष्ठांनी मनाई केली होती. उपकरणं मिळाली ती गेर्डा डिट्झेन या नर्समुळे. प्रयोग माझ्यावर करा, असं ती म्हणाली होती. त्याने तिला टेबलावर बांधलं आणि नळी घातली ती स्वतःच्या हातात! १९५६ मध्ये त्याला इतर दोघांसोबत नोबेल मिळालं. पुढे १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये आंद्रेयास ग्रुन्टसिग यांनी जाग्या माणसाच्या हृदयाच्या धमनीत पहिल्यांदा फुगा फुगवला. हे वाचताना मी त्या डिट्झेनपाशीच थांबले. त्या टेबलाशी पहिल्या दिवसापासून एक सिस्टर उभी आहे.

आणखी एक प्रसंग सांगायचाच आहे. नळी काढल्यावर मनगटावर हवेचा पारदर्शक पट्टा बांधला होता. ठरलेल्या वेळेला तुम्ही सिरिंजने त्यातली थोडी हवा काढलीत आणि पट्ट्याखाली रक्ताचा एक थेंब फुगून वर आला. माझ्या पोटात गोळा. तुम्ही काढलेली हवा पुन्हा भरलीत, अंगठ्याचा रंग पाहिलात, नाडी चाचपलीत आणि म्हणालात, "घाई मला नाही, तुम्हालाही नको." तुमची ड्युटी तेव्हा संपली होती, दुसऱ्या सिस्टर येऊन उभ्या होत्या. तरी पट्टा पूर्ण सुटून कोरडी पट्टी लागेपर्यंत तुम्ही हलला नाहीत.

डॉक्टरांचे आभार मी समोर बसून मानले. तुमचे राहिले होते. सिस्टर, मनापासून आभार.

मनगटावर आता तिळाएवढी खूण उरलीय. रक्त पातळ ठेवण्याच्या दोन्ही गोळ्या वेळच्या वेळी घेते. स्वतःच्या मनाने एकही बंद करायची नाही, हे तुम्ही दोनदा बजावलं होतंत. काल न थांबता तीन जिने चढले. वर पोचल्यावर आपसूक आकडे मोजत होते, तुमच्यासारखे.

तुमची,
मूठ न सोडणारी पेशंट