तुझ्या रेकॉर्डला बुरशी लागली रे

प्रिय मंग्या,

वर्षभर एक ओळ लिहिली नाही, वाट्टेल त्या शिव्या घाल. घरी सगळे बरे, आईचा गुडघा तसाच. पण तुझ्या ‘स्पायरल स्क्रॅच’ला, बझकॉक्स या पंक बँडच्या त्या चार गाण्यांच्या रेकॉर्डला, बुरशी लागली, आणि हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

2018च्या डिसेंबरात त्यांचा गिटारवाला पीट शेली टॅलिनमध्ये वारला, तेव्हा वाजवली ती शेवटची. मग हवाबंद पिशवीत घातली, तिथेच चुकलं. कागदी कव्हरात मुरलेली पावसाळ्याची ओल आतच कोंडली. कव्हरच्या फोटोत मँचेस्टरच्या रॉबर्ट पीलच्या पुतळ्याखाली बँडचे चौघं उभे आहेत ना, नेमके त्यांच्या पायांशी पांढरे ठिपके. कव्हरला पाणी लावलं नाही. मास्क बांधून गच्चीत मऊ, कोरड्या ब्रशने झाडलं.

झाडताना ‘विथ हॉवर्ड डेवोटो’ ही त्यांच्या तेव्हाच्या गायकाच्या नावाची ओळ परत दिसली. आता तरी कबूल कर, पहिल्या हजार प्रतींवर ती नव्हती. तुझी 1979ला पुन्हा काढली त्यातलीच! तरी जीव तितकाच अडकलाय. रेकॉर्डिंगसाठी उसने आणलेले 500 पौंड, 28 डिसेंबर 1976चा एक दिवस, ड्रमवरचा जॉन माहेर अवघा सोळा वर्षांचा. ‘ब्रेकडाउन’ तिसऱ्या टेकला, बाकी तिन्ही पहिल्याच टेकला, आणि कुठलं गाणं कितव्या टेकला झालं ते कव्हरवर छापायचं! इतकी सच्ची रेकॉर्ड दुसरी दाखव.

धुतली ती अशी: 200 मिली डिस्टिल्ड वॉटर, 50 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, डिशवॉशचा एकच थेंब. लेबल कोरडं ठेवून मायक्रोफायबरने खाचांच्या दिशेने गोल पुसली. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा, नाहीतर साबण खाचेत वाळतो आणि सुईला चिकटतो. नळाचं पाणी नाहीच, त्याचे क्षार राहतात. सावलीत उभी वाळवली, उन्हात वाकते.

तीन गाणी स्वच्छ वाजली. ‘बोअरडम’मध्ये मात्र तो गिटारचा दोन सुरांचा सोलो सुरू झाला की दर फेऱ्याला टिक, टिक. सगळ्यात लाडकी जागा, आणि तिथेच! चरा असता तर तिरप्या उजेडात खाचा कापत गेलेली रेघ दिसली असती. इथे मोहरीएवढा मंद डाग आहे, म्हणजे बुरशीच असावी. त्यावर द्रावण तीन मिनिटं ठेवून ब्रश फिरवला, टिक जरा मऊ झाली. आणखी घासायला हात धजत नाही. उरलेला कण खरखरीत निघाला तर खाच कायमची ओरबाडली जाईल. घासू की थांबू? रेकॉर्ड तुझी आहे, तू सांग.

नवी नोकरी कशी आहे? चिनू मराठी बोलते ना अजून? मँचेस्टरमध्ये आहेस तर पिकॅडिलीला जाऊन पीलच्या पायथ्याशी उभा राहा आणि फोटो पाठव.

तुझं उत्तर येईपर्यंत रेकॉर्ड नव्या आतल्या कव्हरात, सिलिका जेलच्या दोन पुड्यांशेजारी उभी आहे. पिशवी फेकून दिली.

तुझा,
बाळ्या