बदामाचं राहू द्या, तिला आधी बसून जेवू द्या

संपादक साहेब, नमस्कार.

कालच्या पुरवणीत तुमच्या आहारतज्ज्ञ मॅडमनी खेड्यातल्या कोवळ्या वयाच्या आयांसाठी जो तक्ता दिलाय तो मी चष्मा लावून दोनदा वाचला. सकाळी भिजवलेले बदाम, अकराला नारळपाणी, संध्याकाळी पनीर आणि झोपताना केशर घातलेलं दूध. खाली चौकटीत परत लिहिलंय की या मुली वेफर्स नि बिस्किटांवर दिवस काढतात, त्यांना खाण्याच्या चांगल्या सवयीच नाहीत. मॅडम शिकलेल्या आहेत, दुधात-बदामात काय असतं ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, त्याबद्दल वाद नाही. पण ते "सवयीच नाहीत" वाक्य रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून आज पोळ्यांची ऑर्डर संपवली आणि लिहायला बसले.

मी कळव्याला पोळीभाजीचं काम करते. माहेर नि सासर दोन्ही शहापूर तालुक्यातल्या ठाकरवाड्या. 1986 ला लग्न झालं तेव्हा मी पंधरा वर्षांची होते, मुलीच्या लग्नाला 18 चा कायदा तेव्हाही होता पण वाडीत कोण विचारायला येतंय. 1987 च्या पावसाळ्यात मुलगा झाला. नववा महिना लागला तरी मी आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, चिखलात उभी होते. घरी आल्यावर आधी पुरुष जेवायचे, मग पोरं, मग सासू, मग मी. टोपाच्या तळाला जो भात राहील तो नि कालवणाचं पाणी. सासू वाईट नव्हती हो, तिचंही तसंच गेलं होतं. ती म्हणायची जास्त खाल्लंस तर पोर मोठं होईल आणि सुटका व्हायला अवघड जाईल. बाळंत झाल्यावर तर डाळ बाधते, पालेभाजी बाधते, पाणीसुद्धा मोजून. अंगावर दूध येईना आणि पोरगं रात्रभर रडायचं. शेजारची एक म्हातारी होती ती दुपारी सगळे शेतावर गेले की वाडग्यात नाचणीची आंबील आणायची आणि मी कुडाच्या मागे उभ्या उभ्या ती पिऊन टाकायची, कोणी बघेल म्हणून घाईघाईत, कितीदा तोंड भाजलंय. खूप वर्षांनी इथल्या एका डॉक्टरीणबाईंनी समजावलं की पंधरा-सोळाव्या वर्षी मुलीची स्वतःचीच हाडं अजून वाढत असतात, त्यात पोटात बाळ, म्हणजे एका ताटात दोन वाढती पोरं. आणि ताट तर कुठे भरलेलं होतं?

आता तुम्ही म्हणाल हे जुनं झालं. सरकारच्याच 2019-21 च्या पाहणीत आहे, आपल्या महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या बायकांमधल्या जवळपास 22 टक्के जणींची लग्नं 18 च्या आत झालेली. माझ्या चुलत दिराची सून सतरा वर्षांची आहे, सातवा महिना चालू आहे. गावाचं नाव देत नाही. ती वेफर्स खाते, हो, खाते. मागच्या महिन्यात गेले तेव्हा मीच तिला ओरडले, तर ती म्हणाली "काकी, हे पाच रुपयाचं पाकीट माझं असतं, कोणाचं जेवण व्हायची वाट नाय बघावी लागत." मला पुढे बोलताच आलं नाही. दुकानातून घेतलं, रस्त्यातच फोडलं, संपवलं. बाकी घरात शिजतं त्यातलं तिच्या वाट्याला शेवटी येतं, तोवर कोऱ्या चहावर भूक मारायची. लोहाच्या गोळ्यासुद्धा कोणीतरी आणून दिलेल्या तर त्या चहाबरोबरच घेत होती. चहाने लोह अंगी लागत नाही हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं, लिंबू-आवळ्याबरोबर घे म्हणून मी सांगून आले.

आता अंगणवाडीचं. आदिवासी भागात 2015 पासून अमृत आहार योजना आहे, गरोदर आणि बाळंत बायकांना एक वेळचं गरम जेवण, भाकरी नाहीतर चपाती, भात, डाळ, भाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडं किंवा केळं. मला या योजनेतलं सगळ्यात काय आवडतं सांगू, ते जेवण तिथेच बसून खायचं असतं. पाकीट घरी दिलं की ते सगळ्या घराचं होतं, पोरं खातात, दीर खातो. अंगणवाडीत मात्र ती बाई कोणाच्या मागे नसते. ताट तिच्या पुढ्यात येतं. पण आमच्या सुनेचं नाव रजिस्टरात नाही. सेविका माझ्या ओळखीची आहे, तिला दोष देत नाही, ती म्हणते नाव घातलं की वय दिसणार, वय दिसलं की बालविवाह म्हणून ग्रामसेवकाकडे जाणार, आणि दवाखान्यात नेली तर 18 च्या आतली म्हणून त्यांना पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवावंच लागतं. कायदा चुकीचा आहे असं मी मुळीच म्हणत नाही, मला पंधराव्या वर्षी कोणी सोडवायला आलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते. पण आत्ता काय होतंय, तर घरचे तिला लपवतात आणि लपवली की जेवण गेलं, गोळ्या गेल्या, वजन बघणं गेलं. पोटातलं बाळ आणि ती स्वतः, दोघांना शिक्षा. जिच्यावर अन्याय झालाय तिलाच उपाशी ठेवायचं? आधी वाढा, मग काय ती चौकशी करा.

आणि दिवाळीनंतर हे कुटुंब भिवंडीकडे वीटभट्टीवर जाणार ते पावसाळ्याच्या तोंडाला परत येणार, दरवर्षीचंच आहे. म्हणजे बाळंतपण तिकडेच. भट्टीवर कुठली अंगणवाडी, तिथे सकाळी तीनला उठून चिखल तुडवायचा.

मॅडमना खरंच तक्ता द्यायचा असेल तर त्यात नाचणी लिहा, कुळीथ, शेंगदाणा-गूळ, शेवग्याचा पाला, पावसातली टाकळ्याची रानभाजी, सुकट, शेतातले मुठे म्हणजे छोटे खेकडे लिहा. हे सगळं वाडीत मिळतं. आणि तक्त्याच्या वर सासूला नि नवऱ्याला उद्देशून लिहा, की तिला पहिल्या पंगतीला बसवा. तांदूळ टोपात घालायचा किती हे ती सतरा वर्षांची पोरगी ठरवत नाही.

अजून एक, आणि याचा मला लेखापेक्षाही जास्त राग आलाय. त्या लेखाबरोबर बाळ कडेवर घेतलेल्या मुलीचा फोटो छापलाय, खाली "सोळाव्या वर्षी आई", आणि चेहरा स्वच्छ दिसतोय. मागे पाडा दिसतोय, तिच्या ओळखीचे लोक लगेच ओळखतील. अशा मुलीची ओळख छापायला कायद्याने बंदी आहे, हे मला पोळ्या लाटणारीला माहीत आहे तर तुमच्या ऑफिसात कोणालाच माहीत नाही का? तिच्या घरी आज काय चाललं असेल याचा विचार करा. कागदावरचा आता परत घेता येणार नाही, पण मोबाईलवरच्या पेपरात तो फोटो आज दुपारपर्यंत होता, मी स्वतः बघितलाय. तो आजच्या आज काढा.

एक वाचक, कळवा