पुस्तकांच्या पार्सलात घातलेलं पत्र

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

पुस्तकांच्या पार्सलातच हे पत्र घालते आहे. फोनवर हा विषय निघाला की आईचा कुकर होतो आणि बाबा "बरं, बघू" म्हणून फोन तिच्या हातात देतात. कागदावर मला मध्येच कोणी तोडणार नाही.

बाबा, तुमचा प्रश्न होता की सई रात्री उशिरापर्यंत काय खरडत असते, आणि दुसऱ्याची पात्रं घेऊन गोष्टी लिहायच्या ही चोरी नाही का. त्याला फॅन फिक्शन म्हणतात. सई आणि तिच्या मैत्रिणी नुसतं 'फिक' म्हणतात. आवडलेल्या पुस्तकातली माणसं घ्यायची आणि मूळ लेखकाने जे सांगायचं सोडलं, ते आपण सांगायचं. यात पैसे नाहीत, आणि लिहिणारे बहुतेक टोपणनावाने लिहितात. या गोष्टींचा एक मोठा संग्रह इंटरनेटवर आहे, 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' नावाचा. तो कुठल्या कंपनीचा नाही. लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांनीच २००७ मध्ये संस्था काढली, २००९ मध्ये संग्रह सगळ्यांना खुला केला, आणि आजही तो देणग्यांवर आणि फुकट राबणाऱ्या माणसांवर चालतो. जाहिरात एकही नाही. एक कोटीच्या वर गोष्टी आहेत. २०१९ मध्ये त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला, म्हणजे विज्ञानकथा-अद्भुतकथा लिहिणाऱ्यांच्या जगातला मोठा मान.

एक कोटी गोष्टींत कचरा किती असेल, हे तुम्ही विचारण्याआधी मीच सांगते: भरपूर. मधे संपादक नाही, त्यामुळे निम्म्याहून जास्त गोष्टी मी दुसऱ्या परिच्छेदात सोडते. पण आई, दिवाळी अंकातल्या किती कथा तू शेवटपर्यंत वाचतेस ते मला माहीत आहे.

आता चोरीचं. बाबा, तुमच्या लाडक्या होम्सचंच घ्या. कॉनन डॉयलने १८९३ च्या डिसेंबरात त्याला धबधब्यात ढकलून दिलं आणि १९०३ मध्ये परत आणलं. मधली दहा वर्षं लोक काय गप्प बसले होते? त्याच सुमारास 'पीटर पॅन'वाल्या जे. एम. बॅरीने होम्सची एक विनोदी गोष्ट लिहून डॉयललाच भेट दिली होती. दोघांनी मिळून एक संगीत नाटक केलं होतं, ते सपशेल पडलं, त्यावरची ती गंमत होती. डॉयल रागावला नाही, उलट त्याने ती गोष्ट स्वतःच्या आत्मचरित्रात अख्खी छापली. आणि डॉयलच्या विसरभोळेपणावर तर लोकांनी शंभर वर्षं काढली आहेत. वॉटसनची गोळी एका पुस्तकात खांद्याला लागते, दुसऱ्यात पायाला. वॉटसनचं नाव जॉन, पण त्याची बायको एकदा त्याला जेम्स म्हणते. यावर डोरोथी सेयर्स या रहस्यकथा-लेखिकेने तोडगा काढला की त्याच्या नावातला मधला 'एच' हा हॅमिश असणार, आणि हॅमिश म्हणजे स्कॉटलंडचा जेम्स! चुकीला चूक न म्हणता तिच्यासाठी जागा शोधायची, हा या मंडळींचा खरा छंद. तुम्ही रामरक्षा म्हणताना मधेच थांबून शंका काढता ना, त्याच जातीचा.

सईने तुमच्यासाठी लिहिलेली गोष्ट वेगळ्या पाकिटात आहे. मला ती वाचायची मनाई आहे, "आजोबांनी आधी वाचायची" असा हुकूम. विषय तेवढा तिने सांगितला. होम्स परत येतो त्या कथेत खिडकीत त्याचा मेणाचा अर्धपुतळा ठेवलेला असतो, समोरच्या रिकाम्या घरातून कर्नल मोरान नेम धरून बसलेला असतो, आणि होम्सची घरमालकीण मिसेस हडसन दर पाव तासाने गुडघ्यांवर रांगत जाऊन पुतळा फिरवत असते, सावली हलताना दिसावी म्हणून. होम्स तिला शाबासकी देतो आणि कथा पुढे जाते. सईचं म्हणणं असं की त्या खोलीत गोळी येणार हे माहीत असताना जी बाई रांगत गेली, तिच्या मनात काय चाललं होतं हे कोणीच कसं विचारलं नाही? मेलेला भाडेकरू वर्षांनी दारात उभा राहिला, त्याच दिवशी तिला हे काम सांगितलं! मी ती कथा किती वेळा वाचली असेन, मला ती बाई दिसली नव्हती. चौदा वर्षांच्या मुलीला दिसली.

मूळ इंग्रजीत लिहिलं होतं, तुमच्यासाठी मराठीत केलं आहे. ऱ्हस्व-दीर्घाचा आनंदीआनंद असणार. तुम्ही वर्तमानपत्रावर चालवता ते लाल पेन कृपा करून कपाटात ठेवा. तिला एवढंच कळायला हवं आहे की मिसेस हडसन मिसेस हडसनसारखी बोलते का. ते सांगणारा माणूस घरात तुमच्याशिवाय दुसरा नाही.

आता आपल्या घरातलं जुनं भांडण काढते, कारण त्याशिवाय मला माझं म्हणणं मांडता येणार नाही. शिवाजी सावंतांची कर्णावरची कादंबरी 'मृत्युंजय' आणि इरावती कर्व्यांचे महाभारतावरचे निबंध 'युगान्त' एकाच वर्षी आले, १९६७ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी पुण्याच्या भांडारकर संस्थेचं महाभारताच्या संशोधित आवृत्तीचं काम पुरं झालं होतं. म्हणजे इकडे पंडितांनी मागाहून घुसलेले श्लोक वेचून तळटीपांत टाकले, आणि तिकडे शिवाजी सावंतांनी कर्णाला त्याची सगळी व्यथा बोलायला लावली. बाबा सावंतांचे, आई इरावतीबाईंची. कर्णाचं नाव निघालं की बाबांचे डोळे भरायचे आणि आई विचारायची, "भर सभेत द्रौपदीला काय म्हणाला होता तो? तेवढी पानं चिकटली होती का तुमची?"

मी दोन्ही पुस्तकं या पावसाळ्यात पुन्हा वाचली. बाबा, 'मृत्युंजय' मला अजून ओढून नेतं, पण आता कळतं की ते कोणी लिहिलं आहे: कर्णावर प्रेम करणाऱ्या माणसाने. कर्णाच्या बायकोबद्दल महाभारत जवळजवळ काही सांगत नाही, सावंतांनी वृषालीला स्वतःचं प्रकरण दिलं. सई तिथे असती तर तिनेही हेच केलं असतं. आणि आई, तुझ्या इरावतीबाई काही कमी नाहीत. द्रौपदीवरच्या निबंधात एका जागी त्या स्पष्ट सांगून टाकतात की इथवर संशोधित आवृत्तीला धरून, इथून पुढचं माझ्या पदरचं. मग हिमालयात पडलेली द्रौपदी शेवटचा श्वास घेताना भीमाला म्हणते की पुढच्या जन्मी तू थोरला हो. हे व्यासांचं नाही, आणि ते वाचल्यावर मला भीमाकडे पूर्वीसारखं बघता येत नाही. कुठे मूळ संपतं आणि कुठे आपण सुरू होतो हे बाईंनी दाखवलं, म्हणून माझं मत आता आईच्या बाजूला झुकलं आहे. सावंत ती रेघ ओढत नाहीत. कादंबरीकाराने ओढावी असंही नाही, पण मग बाबा कादंबरीतला प्रसंग व्यासांचा म्हणून शेजारच्या काकांना ऐकवतात, त्याचं काय?

कर्ण-द्रौपदी ही जोडीही नव्या मुलींनी जुळवलेली नाही हो. या जोड्यांना त्या 'शिप' म्हणतात. विठ्ठल उमप ज्याचा प्रयोग करायचे ते जांभूळ आख्यान आठवतं? पाच नवऱ्यांची द्रौपदी मनातल्या मनात सहावा म्हणून कर्णाची इच्छा धरते आणि जांभळाच्या निमित्ताने कृष्ण ते तिच्या तोंडून वदवतो. संस्कृत महाभारतात हे नाही. आपल्याकडच्या गोंधळ्यांनी, गावोगावच्या लोकांनी ते गायलं, आणि कोणी त्यांना चोर म्हटलं नाही. एक फरक मात्र मान्य करते: महाभारत कोणा एकाच्या मालकीचं नाही, आणि हयात लेखकाची पात्रं उचलताना थोडी लाज बाळगावी. म्हणूनच तर पैसे घ्यायचे नाहीत हा दंडक.

बाबा, तुमच्यासाठी त्या संग्रहातली कर्णावरची एक गोष्ट छापून घातली आहे. इंग्रजी आहे, पण सोपी. रंगमंडपात कर्ण अर्जुनाला आव्हान देतो, कृपाचार्य कूळ विचारतात आणि कुंती बेशुद्ध पडते, तो प्रसंग. या गोष्टीत ती बेशुद्ध पडत नाही. उठते आणि सगळ्यांसमोर सांगते. मला वाटलं आता राज्याभिषेक, गळाभेटी, युद्ध टळलं. पण तेवढ्यात काठी टेकत घामाघूम अधिरथ येतो, जसा महाभारतात येतो, आणि कर्ण एकदा कुंतीकडे आणि एकदा त्याच्याकडे बघतो. पुढचं सांगत नाही. लिहिणाऱ्याचं खरं नाव मला माहीत नाही. तुम्हाला राग येईल किंवा तुम्ही रात्री दोनदा वाचाल.

आई, तुझ्यासाठी दोन पुस्तकं आहेत. पहिलं जीन र्‍हिसचं 'वाइड सरगॅसो सी', १९६६ चं. बी. ए.ला तुला 'जेन एअर' होतं आणि तू कायम म्हणायचीस, बिचारा रॉचेस्टर. आता माडीवर कोंडलेल्या त्या वेड्या बायकोची बाजू ऐक. र्‍हिस स्वतः कॅरिबियन बेटांवर, डॉमिनिकात जन्मलेली. इंग्रजांच्या कादंबरीत आपल्याकडची बाई नुसती ओरडायला ठेवली आहे हे तिला खुपलं असणार. मधला भाग रॉचेस्टरच्या तोंडी आहे, तो जरा चिवट आहे, नेटाने काढ. दुसरं भैरप्पांचं 'पर्व', उमाताई कुलकर्णींनी मराठीत आणलेलं. चमत्कार सगळे काढून टाकले आहेत, उरली ती थकलेली, हिशेब करणारी माणसं. सुरुवातच म्हाताऱ्या शल्यापासून आहे. हे बाबांनाही दे, पण तुझं झाल्यावर. ते पुस्तकात पेन्सिलने खुणा करतात आणि मग तू त्यांच्या खुणा वाचतेस, पुस्तक नाही.

त्या संग्रहात स्वतः शोधायचं असेल तर प्रत्येक गोष्टीच्या डोक्यावर पाट्या असतात: कोणत्या पुस्तकावरची, कोणती पात्रं, पूर्ण की अर्धवट, कोणत्या वयासाठी. 'जनरल' लिहिलेल्याच उघडा. का ते मला विचारू नका आणि सईला तर मुळीच नका. पीडीएफ उतरवून घेता येते, ते मी दिवाळीत आले की दाखवीन.

बदल्यात मला काय पाठवाल? आई, तुझं दुर्गाबाईंचं 'व्यासपर्व' हवं आहे, तुझी बाइंडिंग केलेली प्रत, नवी नको. समासात तू जे लिहिलं आहेस ते वाचायचं आहे. बाबा, वाचनालयातून सध्या काय आणता आहात ते कळवा, आणि यंदाच्या दिवाळी अंकांतले कोणते घ्यावेत तेही. 'सगळेच बरे असतात' हे उत्तर चालणार नाही.

सई विचारते आहे की आजीला अशी एखादी गोष्ट लिहावीशी वाटते का. मी तिला सांगितलं की लहानपणी फास्टर फेणेची पुस्तकं संपली की तू रात्री आम्हाला नवीन रचून सांगायचीस, आणि त्यात बन्या नेहमी आपल्याच गावात यायचा. ती आता मागे लागली आहे. काय उत्तर द्यायचं ते तुझं तू बघ.

बाबा, डोळ्यांत थेंब वेळेवर घालता ना?

तुमची,
मीनल

ता. क. छापील गोष्टींचा टाइप मुद्दाम मोठा ठेवला आहे. तरी बारीक वाटला तर सांगा, पुन्हा छापून पाठवते.