पंक्या, लाकडाच्या नावाला पैसे देऊ नको

जळगाव

प्रिय पंक्या,

मेसेज वाचला भो, आणि फोनवर घाईघाईत सांगण्यापेक्षा म्हटलं लिहूनच पाठवतो, कारण बेस गिटार बाहेरून मागवायचा म्हणजे पैसा मोठा, वर शिपिंग, वर कस्टम ड्युटी, आणि नाही आवडला तर धुळ्याहून परत कोण पाठवणार.

तू विचारतोस बॉडीचं लाकूड ॲश घेऊ, अल्डर घेऊ का बासवूडमध्ये भागवू. मी तर म्हणतो हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचार. पिकअप, म्हणजे स्ट्रिंग्जखालचा आवाज पकडणारा भाग, त्यात चुंबक आणि तांब्याची कॉइल, त्याला स्टीलची स्ट्रिंग हललेली कळते, लाकूड नाही. लाकूड स्ट्रिंगची थरथर थोडी खातं, एवढाच त्याचा हात, आणि स्ट्रिंग्ज कोणत्या, पिकअप ब्रिजपासून (बॉडीवर स्ट्रिंग्ज टेकतात तिथून) किती लांब, तुझी बोटं कुठं पडतात, ह्यांच्यापुढे तो फार छोटा. रात्री प्लग न लावता हेडस्टॉक, म्हणजे बेसचं वरचं टोक, लाकडी कपाटाला टेकवून वाजव, आवाज कसा भरून येतो बघ, मग ॲम्प लावून तेच कर, तेवढा फरक नाही पडणार.

फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस १९५१ ला आला तेव्हा बॉडी ॲशची होती, १९५६ च्या सुमारास सनबर्स्टसाठी (कडेला गडद, मध्ये फिकट रंग) अल्डर आलं आणि ब्लाँड या फिकट रंगाला ॲश राहिलं, कारण त्या पातळ रंगातून ॲशच्या रेषा उठून दिसतात. म्हणजे रंगाचाही हिशोब होताच. आता स्वॅम्प ॲशला (दलदलीत वाढणारं हलकं ॲश) अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीकाठच्या पुरांचा आणि झाड पोखरणाऱ्या किड्याचा मार बसला, फेंडरनेच २०२० मध्ये ते नेहमीच्या बहुतेक मॉडेल्समधून कमी केलं. त्या टंचाईचा भाव तू टोनच्या नावाने कशाला भरतोस? स्टाइनबर्गर कंपनीच्या त्या छोट्या, हेडस्टॉक नसलेल्या बेसमध्ये तर लाकूडच नव्हतं, ग्रॅफाइट होतं, आणि तो मोठमोठ्या बेसिस्टनी वाजवला.

लाकडाने खरा फरक पडतो तो वजनात. हळदीच्या कार्यक्रमाला चार-चार तास उभं राहून वाजवतोस, पाच किलोचा बेस खांदा मोडून ठेवेल. पण बॉडी फार हलकी आणि ट्यूनर (स्ट्रिंग पिळायच्या खुंट्या) जड असले तर नेक, म्हणजे दांडा, सारखा खाली झुकतो, मग डावा हात तो सावरण्यातच दमतो. म्हणून विकणाऱ्याला मॉडेलचं नाही, त्याच पीसचं वजन विचार, चार किलोच्या आसपास असेल तर चांगलं.

आणि नेक! तिथं खरी मेख आहे. सगळ्यात बारीक 'जी' (G) स्ट्रिंगवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या पट्टीच्या) आसपास एखादा सूर बाकीच्यांपेक्षा लवकर मरतो, डेड स्पॉट म्हणतात त्याला, फेंडरसारख्या बोल्ट-ऑन, म्हणजे स्क्रूने बसवलेल्या, नेकमध्ये खूप दिसतो. व्हिडिओ मागव, 'जी' स्ट्रिंगचा एकेक फ्रेट वाजवून सूर पूर्ण विझेपर्यंत थांबायला सांग. त्यात आपल्याकडचा मे महिना, पारा ४५ ला टेकतो, फिंगरबोर्डचं लाकूड सुकून आकसतं आणि फ्रेटची टोकं बोटाला टोचतात, पाऊस लागला की नेक परत हलतो. नेकचा बाक सरळ करायच्या ट्रस रॉडची ॲलन की सोबत येते का तेही विचार, आणि पार्सल उन्हाळ्यात गोडाऊनला पडून राहील असं मागवू नको, दिवाळीनंतर मागव.

जे पैसे वाचतील त्यात फ्लॅटवाउंड, म्हणजे सपाट तार गुंडाळलेल्या, स्ट्रिंग्जचा एक सेट घे, तुला तो जुना गोल, जाड आवाज हवाय ना, तो तिथून येतो. वजन कळलं की लगेच टाक मला.

तुझाच,
नित्या