कोल्ह्याची आगगाडी

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर "आई, तो भाग कुठेच मिळत नाहीये गं" असं तू ज्या आवाजात म्हणालास, तो आवाज माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. सहा वर्षांचा असताना एक चप्पल सापडत नसली की हाच सूर लागायचा. म्हणजे मी शोधून देणार हे ठरलेलंच. चप्पल बहुतेक वेळा कपाटाखाली असायची. कार्टूनचं काय झालं ते सांगायला हे पत्र. फोनवर तू मध्येच "हो हो" करतोस आणि माझं सांगायचं राहून जातं.

तू सांगितलेलं मी एका जुन्या बिलाच्या मागे लिहून ठेवलंय. आगगाडी चालवणारा कोल्हा, लाल टोपी. डब्यात कोंबड्या, त्याही रीतसर तिकीट काढून बसलेल्या. आणि तुला छोटीला दाखवायचा आहे तो प्रसंग: रात्र, रिकामं स्टेशन, पाऊस, बाकावर एकटी म्हातारी कोंबडी. कोल्हा तिच्यासाठी गाडी थांबवतो, पण शिट्टी वाजवत नाही. कार्टून तुला इंटरनेटवर सापडलं, त्याचे चार भागही सापडले, फक्त हा नाही. "आई, सगळ्यात भारी भागच हरवलाय," असं म्हणालास.

तर गेले पंधरा दिवस मी हरवलेल्या कार्टूनांच्या मागे आहे. निवृत्त माणसाला काहीतरी उद्योग हवाच. पहिली गोष्ट ही कळली की कार्टून हरवणं यात नवल काही नाही, टिकणं हेच नवल. जगातला पहिला पूर्ण लांबीचा अॅनिमेशनपट अर्जेंटिनात 1917 साली निघाला असं मानतात. नाव 'एल अपोस्तोल', करणारा किरीनो क्रिस्तियानी. त्याची आज एकही प्रत नाही, आगीत गेली. त्याच माणसाने 1931 मध्ये आवाजासकट आणखी एक काढला, तोही गेला. आयुष्यात दोनदा जगाच्या पुढे धावायचं आणि दोन्ही वेळा राख. हे वाचल्यावर मी चहा तसाच ठेवून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

आग का लागायची हे मात्र मला कुणी सांगायला नको. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची, म्हणजे बंदुकीच्या बिनधुराच्या दारूची सख्खी बहीण. जळायला लागली की लागणारा ऑक्सिजन स्वतःच पुरवते, त्यामुळे पाण्याखालीसुद्धा विझत नाही. 1950 च्या सुमारास ती बंद होऊन अॅसिटेटची फिल्म सर्वत्र आली. ती सहजासहजी पेट घेत नाही, पण सडते आणि सडताना व्हिनेगरचा वास सोडते. डबा उघडला आणि लोणच्याच्या बरणीसारखा आंबट भपकारा आला, की आतल्या सशाचे दिवस भरले असं समजायचं. (मी वर्गात अॅसिटिक आम्ल शिकवत होते तेव्हा हे उदाहरण माहीत असतं, तर मागचे बाक तरी जागे राहिले असते.)

सशावरून आठवलं. मिकी माउसच्या आधी वॉल्ट डिस्नेकडे ऑस्वाल्ड नावाचा ससा होता. 1928 मध्ये तो हातचा गेला, कारण त्याचे हक्क डिस्नेकडे नव्हतेच. त्या सशाचे कितीतरी छोटे चित्रपट बेपत्ता आहेत. त्यातल्या एकाचा तुकडा 2018 साली कुठे मिळाला असेल? जपानमध्ये, एका म्हाताऱ्या अभ्यासकाच्या घरी. शाळकरी वयात त्याने खेळण्यातल्या प्रोजेक्टरवर दाखवायची म्हणून ती चिमुकली फिल्म विकत घेतली होती. वर नाव भलतंच लिहिलेलं. सत्तरेक वर्षं ती त्याच्याजवळ पडून होती आणि आपण काय सांभाळतोय याचा त्याला पत्ता नव्हता.

हे वाचून मला हुरूप आला. म्हटलं, आपला कोल्हाही असाच कुणाच्या तरी माळ्यावर असेल.

मग तुझे ते चार भाग मी बघायला बसले. तू लहान असताना ते माझ्या कानावर पडायचे, पण नीट बसून कधी बघितले नव्हते. तुझं ते अर्ध्या तासाचं कार्टून म्हणजे माझी कणिक मळायची वेळ. आता बघितले, आणि राग मानू नकोस, पण कार्टून अगदीच सुमार आहे. कोल्हा बोलतो तेव्हा त्याचं फक्त तोंड हलतं, बाकी देह लाकडाचा. डब्याच्या खिडकीतून मागे पळणारं एक झाड आहे, डावी फांदी मोडलेलं. पहिल्या भागात मी ते मोजलं. अकरा वेळा तेच झाड गेलं. गाडी गोल गोल फिरत होती की काय देव जाणे.

त्या चित्रकारांचा तरी काय दोष म्हणा. पडद्यावर एका सेकंदाला चोवीस चौकटी लागतात. एकेक चित्र दोन-दोन चौकटींना वापरलं तरी सेकंदाला बारा चित्रं झाली. सात मिनिटांच्या गोष्टीला पाच हजारांच्या वर. हॅना आणि बार्बेरा यांनी 'टॉम अँड जेरी' केलं तेव्हा मागे मोठा स्टुडिओ होता, पैसा होता. 1957 मध्ये तो कार्टून विभाग बंद पडला आणि दोघं टीव्हीकडे वळले. तिथे पैसा तुटपुंजा, मग काटकसर आली. योगी अस्वलाच्या अंगावर शर्ट नाही, पण गळ्यात कॉलर आणि टाय का असतो, याचा कधी विचार केलास? कॉलरच्या रेषेवर डोकं वेगळं करता येतं. धड तेच ठेवायचं, वर फक्त डोकं नवीन काढायचं. गळ्यातला सांधा झाकायला टाय. चार-चारच बोटं असतात त्यामागेही बरंचसं हेच, हजारो चित्रांत एकेक बोट वाचलं तरी कितीतरी वेळ वाचतो. मला हा हिशेब फार आवडला. घर चालवलेल्या माणसाला आवडणारच.

पण तिथेच मला खटकलं. ज्यांनी एकच मोडकं झाड अकरा वेळा पळवलं, ते पाऊस कशाला काढतील? तोही रात्रीचा, दिव्याच्या उजेडात चमकणारा, म्हाताऱ्या कोंबडीच्या पिसांवरून ओघळणारा, जसा तू मला वर्णन करून सांगितलास तसा? पाऊस काढायचा म्हणजे खर्च. चारही भागांत साधा ढगसुद्धा नाही. दोन दिवस मी या कोड्यात होते.

तेवढ्यात तू पाठवलेलं खाऊचं पाकीट आलं. त्यातल्या संत्र्याच्या गोळ्यांबद्दल तुझी तक्रार आहे की पूर्वीची चव राहिली नाही, भेसळ करतात, वगैरे. काही बदललंही असेल. पण एक गोष्ट ऐकून घे. लहान मुलांना मोठ्यांपेक्षा पुष्कळ जास्त तीव्र गोडी आवडते, आणि वयात येता येता ती ओढ आपोआप कमी होते. तू सहाव्या वर्षी साखरेचा नुसता पाक वाटीने प्यायला असतास. आता तुला चहात अर्धा चमचा चालतो आणि खापर गोळीवर फोडतोस. छोटीने ती गोळी खाल्ली तेव्हा तिने तोंड वाकडं केलं का? नाही ना? मग झालं.

म्हातारीच्या केसांचंही तेच. तू म्हणतोस पूर्वी ते ढगासारखे असायचे. आताही असतात, फक्त तू हळू खातोस. साखर वितळवून गरगर फिरणाऱ्या बारीक छिद्रांतून फेकली की हवेत तिची तार होते आणि स्फटिक व्हायच्या आत ती थिजते. अशी साखर हवेतला ओलावा अधाशासारखी ओढून घेते. म्हणून तो ढग घटकाभरात चिकट गोळा होतो. मुलं गोळा व्हायच्या आत संपवतात, मोठी माणसं फोटो काढत बसतात. 1897 मध्ये त्याचं यंत्र तयार करणाऱ्या दोघांपैकी एक दातांचा डॉक्टर होता, हे छोटीच्या आईला मुद्दाम सांग.

खाऊच्या पाकिटात तळाशी ती तडतडणारी पूड होती. ती मला हवी आहे असं तुला का वाटलं कोण जाणे, पण फोडली आणि जिभेवर टाकली. ती आहे विल्यम मिचेल नावाच्या रसायनतज्ज्ञाची करामत, 1956 सालची. पाण्यात टाकताच सोडा तयार व्हावा असं काहीतरी तो करायला गेला होता. वितळलेल्या साखरेत वातावरणाच्या चाळीसेक पट दाबाने कार्बन डायऑक्साइड कोंडायचा आणि तशीच ती थंड करायची. साखरेची काच होते आणि वायू तिच्या पोटात बारीक बुडबुड्यांत अडकून राहतो. जिभेवर काच विरघळली की बुडबुडा फुटतो, तड्. तोंड मिटलं तर आवाज फक्त आपल्याच डोक्यात घुमतो. तोंड उघडलं की बाहेर येतो.

मी तोंड उघडलं आणि स्वयंपाकघरात एकदम पाऊस सुरू झाला. पत्र्यावरचा. आणि मला सगळं आठवलं.

तुला कांजिण्या आल्या होत्या. आठ दिवस शाळा नाही, अंगभर गुलाबी लेप, आणि खाजवायचं नाही या अटीवर रोज एक तडतडणारी पुडी. संध्याकाळी तुझं कार्टून चालू होतं. कोल्हा इंजिनात कोळसा टाकत होता आणि वीज गेली. तू असा काही टाहो फोडलास की शेजारच्या काकू मेणबत्ती घेऊन आल्या. गाडी कुठे गेली, गाडी कुठे गेली, एवढंच. मी तुला मांडीवर घेतलं. लेप माझ्या साडीला लागला, त्याचे डाग नंतर कधी गेले नाहीत. म्हटलं, गाडी चालूच आहे, आपल्याला दिसत नाही एवढंच. मग पुढे काय झालं? झालं असं, की रात्र पडली.

तेवढ्यात तू पुडी तोंडात ओतलीस, तोंड उघडं ठेवून माझ्या कानाला लावलंस आणि बोबडं बोललास, "आई, ऐक." तड तड तड तड. गरम श्वास, संत्र्याचा वास आणि कानात पाऊस. मग मी म्हटलं, आणि बघता बघता पाऊस आला.

तो पाऊस कुणी काढलेला नाही रे. म्हातारी कोंबडी माझी, बाकही माझा. त्या स्टुडिओला परवडला नसता असा तो प्रसंग मी अंधारात एक पैसा खर्च न करता केला. वीज दीड-दोन तासांनी आली तेव्हा तू झोपला होतास. दुसऱ्या दिवशी उठून तू शेजारच्या मुलाला कोल्ह्याच्या नव्या भागाची गोष्ट सांगत होतास, "काल टीव्हीवर दाखवला," म्हणून. मी दुरुस्त करायला हवं होतं. पण डब्यांची घाई होती. आणि खरं सांगू? मला जरा बरंही वाटलं होतं.

तेव्हा शोध थांबव. त्या संकेतस्थळांवर तू लोकांना निरोप टाकून ठेवले आहेस, तेही काढून घे. उगाच कुणीतरी बिचारा माझ्या कोंबडीसाठी जुने डबे हुंगत बसायचा.

एकच अडचण आहे. मी दोन दिवस आठवायचा प्रयत्न करतेय. रात्र आठवते, स्टेशन आठवतं, कोंबडीच्या पायाशी एक गाठोडं होतं तेही आठवतं. पण कोल्ह्याने शिट्टी का वाजवली नाही, आणि त्या गाठोड्यात काय होतं, हे माझ्या डोक्यातून पार गेलंय. तू फोनवर म्हणालास की तुला तो भाग सबंध पाठ आहे. एका बैठकीत, जसा आठवतो तसा लिहून पाठव. शुद्धलेखन तपासणार नाही.

तुझी,
आई

ता. क. सोबत त्या पुडीची दोन पाकिटं ठेवली आहेत, दोन्ही छोटीची. दिवे मालवून दे आणि तिला तोंड उघडं ठेवायला सांग, नाहीतर तुला काही ऐकू येणार नाही.