आधी खांदे उतरले, मांड्या मागे राहिल्या

भुसावळ,
मार्गशीर्ष

प्रिय मैत्रिणीस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझे पत्र मंगळवारी मिळाले आणि तेव्हापासून ते माझ्या शिलाईच्या डब्यात, कात्रीच्या शेजारी ठेवलेले आहे. सात महिन्यांत नऊ किलो वजन उतरवले, हे तू एका ओळीत लिहून मोकळी झालीस आणि पुढची दोन पाने मात्र मांड्यांवर लिहिलीस. दिवाळीला शिवलेल्या पंजाबी ड्रेसचा कुर्ता खांद्यांवरून ओघळत होता आणि सलवार मात्र मांडीला अडत होती, हे वाचताना तू आरशासमोर कशी उभी राहिली असशील ते मला दिसले. सासूबाई शिरपूरच्या घरी चारचौघांत म्हणाल्या, "कितली वायी गयी व माय!", म्हणजे किती वाळलीस गं बाई, आणि त्याच आठवड्यात जाऊबाईंनी कमरेखाली बघून विचारले, की काही फरक पडला का. "माझे वरचे अंग एकीचे आणि खालचे दुसरीचे वाटते," असे तू लिहिले आहेस. या वाक्यापेक्षाही मला तुझ्या शेवटच्या ओळीने अस्वस्थ केले. मांड्या उतरेपर्यंत रात्रीचे जेवण बंद करायचे तू ठरवले आहेस. ते करू नकोस, एवढे सांगण्यासाठीच आज सुटीच्या दिवशी हे पत्र लिहायला बसले आहे.

एकोणीस वर्षे मी मुलींना शिवणकाम शिकवते आहे. पहिल्या महिन्यात त्यांना मी एकमेकींची मापे घ्यायला लावते आणि डावी-उजवी बाजू वेगवेगळी लिहायला सांगते. दरवर्षी वर्गात तीच कुजबुज होते, कारण एकीचा उजवा खांदा खाली असतो, दुसरीचा एक दंड अर्ध्या इंचाने जाड निघतो आणि तिसरीची छाती बत्तीस तर सीट, म्हणजे नितंबांचा घेर, चाळीस भरते. तक्त्यावर छापलेले छाती, कंबर आणि सीट यांचे प्रमाण तंतोतंत जुळले, अशी मुलगी मला आजवर क्वचितच भेटली. तरीही स्वतःचे वजन उतरू लागले तेव्हा मी हे सगळे विसरले आणि तुझ्यासारखीच घाबरले, म्हणून हे तुला वरच्या पायरीवरून सांगते आहे असे समजू नकोस.

माझी वही उघडून आकडेच देते. चौदा महिन्यांत मी 78 किलोंवरून 64 वर आले. पहिल्या सहा महिन्यांत दंडघेर चौदा इंचांवरून बारावर आला, छाती 42 वरून 39 वर आली, गळ्याची हाडे दिसू लागली, चेहरा इतका ओढला गेला की शेजारणीने शुगर तपासून घ्यायला सांगितले. मांडीघेर त्या सहा महिन्यांत 27 वरून साडेसव्वीसवर आला होता, म्हणजे अर्धा इंच. सातव्या महिन्यानंतर दंड जवळपास थांबले आणि मांड्या हलू लागल्या, आज त्या साडेचोवीस आहेत. ज्या महिन्यात वजनकाटा अजिबात सरकला नव्हता, त्या महिन्यात मांडीघेर पाव इंच कमी भरला. तू आत्ता सातव्या महिन्यात आहेस. तुझे शरीर माझ्याच क्रमाने चालेल असे मी सांगू शकत नाही, परंतु सात महिन्यांवर निकाल लावून टाकणे फार घाईचे आहे, हे नक्की.

असे का होते, ते मी त्या वेळी खूप वाचले, आणि ते कळल्यावर निम्मी भीती गेली. शरीर चरबी वापरायला काढते तेव्हा ती एका जागेवरून खणून काढत नाही. रक्तातून संदेश सगळ्या अंगभर जातो आणि प्रत्येक ठिकाणच्या चरबीच्या पेशी आपापल्या स्वभावानुसार त्याला उत्तर देतात. त्या पेशींवर अ‍ॅड्रिनलिनचा संदेश घेणारी दोन प्रकारची केंद्रे असतात, एक प्रकार साठा सोडायला लावतो आणि दुसरा तो धरून ठेवायला लावतो. बायकांच्या मांड्यांवर आणि नितंबांवर धरून ठेवणारी केंद्रे जास्त असतात, त्यामुळे तिथला साठा उशिरा सुटतो. गर्भारपण आणि अंगावरचे पाजणे यांसाठी निसर्गाने बाईला दिलेली ती शिदोरी आहे, ती शरीर सहजासहजी सोडत नाही. कोणाची चरबी कुठे बसेल आणि कुठून आधी जाईल, यात आईकडून-वडिलांकडून आलेल्या ठेवणीचाही मोठा भाग असतो. तुझ्या आईचा बांधा आठव. फैजपूरच्या वाड्यात त्या ओट्यावर बसून बिबडे (ज्वारीचे पापड) थापायच्या तेव्हाही मनगटे बारीक आणि मांडी भरदार, अशीच त्यांची ठेवण होती.

ज्या भागाचा व्यायाम करावा त्या भागाची चरबी जाते, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे आणि ती खोटी आहे. 1984 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पुरुषांकडून 27 दिवसांत पोटाच्या 5004 उठाबशा, म्हणजे उताणे पडून उठून बसणे, करवून घेतल्या होत्या. पोट, पाठ आणि नितंब अशा तिन्ही ठिकाणच्या चरबीच्या पेशी तपासल्या, तेव्हा पोटाच्या पेशी इतरांपेक्षा काही जास्त लहान झालेल्या नव्हत्या. मला हे आधी माहीत असते, तर इथल्या एका व्यायामशाळेत मांड्यांना थरथरणारा पट्टा लावून घेण्यासाठी तीन महिन्यांची फी मी भरली नसती. एका महिन्यात दोन इंच, असे त्यांनी मला सांगितले होते. तीन महिन्यांनी टेप तिथेच होती, आणि मी सगळा दोष स्वतःच्या शरीराला दिला. त्यानंतर मी तेच केले जे तू आता करायला निघाली आहेस. रात्रीचे जेवण बंद केले आणि दिवसाही एका भाकरीवर राहिले. वजन भराभर उतरले, पण मांड्यांऐवजी गालच आणखी आत गेले, पायऱ्या चढताना गुडघे थरथरू लागले, आणि अडीच महिन्यांनी न्हाणीघराच्या जाळीत केसांचे पुंजके अडकू लागले. उपाशी ठेवलेले शरीर चरबीबरोबर स्नायूही खर्च करते आणि केसांचे पोषण आखडते, हे डॉक्टरांनी समजावले तेव्हा मी तिथेच रडले. ते केस परत यायला बरेच महिने गेले. म्हणून तुला हात जोडून सांगते, रात्रीची भाकरी सोडू नकोस.

खाण्याविषयी थोडेसेच लिहिते, कारण तुझा स्वयंपाक मला माहीत आहे आणि तो मुळात चांगला आहे. कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद असतो, ती चपातीपेक्षा जास्त वेळ पोट धरते आणि प्रथिनेही देते. आपल्या देशाच्या पोषण संस्थेने प्रौढांसाठी रोज वजनाच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत, म्हणजे साठ किलोच्या बाईला सुमारे पन्नास ग्रॅम, आणि वजन उतरवताना स्नायू राखायचे तर त्याहून थोडी जास्तच लागतात. मटकी, दही, फौजदारी डाळ, आणि तुमच्याकडे चालत असतील तर अंडी, हे मोजून बघ, आपण समजतो त्यापेक्षा फार कमी पडते. तेल मात्र हात राखून घाल. पोह्याच्या मोठ्या चमच्यात साधारण चौदा ग्रॅम तेल मावते आणि त्याचे सुमारे सव्वाशे कॅलरी होतात, शेवभाजीच्या तर्रीत तसे किती चमचे तरंगतात ते तूच पाहा. आता बामणोदची वांगी बाजारात आली आहेत. भरीत कर, भरपूर खा, फक्त वरून ओतायची ती फोडणी अर्धी कर. आणि पायांचे स्नायू जागे ठेव: पाटावर बसून हात न टेकता उठणे, जिना चढणे, पाण्याची कळशी सरळ पाठीने उचलणे. याने मांडीची चरबी आधी जाणार नाही, हे मी वर लिहिलेच आहे, पण चरबी उतरेल तेव्हा खाली घट्ट मांडी राहील आणि गुडघे सांभाळले जातील. चालायचे असेल तर आत्ताच सवय लावून घे, वैशाखात आपल्याकडे पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो आणि पहाटे पाचखेरीज बाहेर पडवत नाही.

एक गोष्ट तुला कोणी सांगितली नसेल. ज्या मांड्यांचा तू इतका राग करतेस, त्यांच्यावरची चरबी पोटाच्या आतल्या चरबीपेक्षा आरोग्याला पुष्कळ कमी घातक मानली जाते. जाँ व्हाग नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी 1947 सालीच मांडले होते, की शरीराच्या वरच्या भागात साठणारी चरबी आणि खालच्या भागात साठणारी चरबी यांचे परिणाम वेगवेगळे असतात. आपल्याकडे तर हा भेद आणखी महत्त्वाचा आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले होते. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक 22.3, पण सहकाऱ्याच्या शरीरात 9.1 टक्के चरबी आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. काट्यावर बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून चरबी बाळगून असू शकतो, हे त्या एका चित्राने दाखवले. म्हणून भारतीय बायकांसाठी कमरेची मर्यादा 80 सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, धरतात. माझी कंबर 38 वरून साडेबत्तीसवर आली आहे, अजून एक इंच बाकी आहे, आणि मला त्या इंचाची काळजी मांडीपेक्षा जास्त आहे. आपल्या वयात पाळी जाण्याचे दिवस जवळ आले की चरबी पोटाकडे वळू लागते, तेव्हा तुझे लक्षही तिकडेच असू दे. मात्र हे माप सलवारच्या नाडीच्या जागी घेऊ नकोस. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप धरायची, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता.

आता एक प्रश्न विचारते, त्याचे उत्तर खरे दे. मांड्या आणि पोटऱ्या दाबल्यावर दुखतात का? किरकोळ धक्क्यानेही काळेनिळे डाग पडतात का? दोन्ही पाय सारखेच जाड होऊन घोट्याशी एकदम थांबतात आणि पाऊल मात्र बारीक राहते, असे आहे का? असे असेल तर ती लिपेडिमा नावाची व्याधी असू शकते. अमेरिकेतील दोन डॉक्टरांनी 1940 साली तिचे वर्णन केले, ती जवळजवळ फक्त बायकांना होते, आणि आहार कमी करूनही तिथली चरबी फारशी हलत नाही. अशा किती बायकांना आयुष्यभर खादाड म्हणून ऐकावे लागले असेल, या विचाराने मला फार वाईट वाटते. तुझ्या पत्रावरून तसे वाटत नाही, तरी धुळ्याला किंवा जळगावला गेलीस तर डॉक्टरांना पाय दाखव. आणि कधी एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर त्याच दिवशी जा, वाट पाहू नकोस, ते रक्ताच्या गुठळीचे लक्षण असू शकते.

राहिला कपड्यांचा प्रश्न, आणि इथे मी हक्काने बोलते. बारीक झाल्यावर शिवू म्हणून तू जुनेच कपडे पिना लावून घालते आहेस, हे चुकते आहे. ढगळ कुर्ता आणि तंग सलवार एकत्र घातली की वरचे अंग आहे त्याहून लहान आणि खालचे आहे त्याहून मोठे दिसते, मग आरसा रोज तेच सांगतो. कुर्ता आणि सलवार एकाच मापाच्या हिशेबाने घेऊ नकोस, तयार जोड्या तर नकोच. कुर्त्याचा खांदा नीट बसवून घे, सगळी शोभा खांद्यावर असते. छातीला टक्स देऊन कापड अंगाबरोबर आण आणि कमरेपासून खाली ए-लाईन घेर सोड, बाजूचे कट सीटच्या थोडे वर सुरू कर, म्हणजे बसताना कापड ताणणार नाही. सलवार मांडीच्या आत्ताच्या मापावर अधिक सैलपणा धरून कापायची, पुढच्या वर्षीच्या मापावर नाही. ब्लाउजला मात्र दोन्ही बाजूंना इंच-इंच माया ठेवायची. वजन उतरले की आत घ्यायचा, एखाद्या महिन्यात वाढले तर उसवून सोडायचा. माझ्या आजीच्या ब्लाउजांत मी तीन-तीन शिलाईच्या रेघा पाहिल्या आहेत, एकीच्या आत एक, प्रत्येक बाळंतपणाची आणि प्रत्येक आजारपणाची. तिने त्यासाठी कधी अंगाला बोल लावल्याचे मला आठवत नाही.

मापे महिन्यातून एकदाच घे, पाळीनंतरच्या आठवड्यात, सकाळी काही खाण्याआधी. पाळीच्या आधी अंगात पाणी धरते आणि टेप उगीच घाबरवते. मांडीघेर गुडघ्याच्या वाटीपासून आठ इंच वर, दर वेळी तिथेच, टेप कातडीला टेकेल इतकीच धरून, रुतेल इतकी ओढून नव्हे. दंड, छाती, कंबर, सीट, मांडी अशी पाचही मापे डावी-उजवीसह लिहून मला पाठव. त्यावरून मी तुझ्यासाठी एक कुर्ता आणि सलवार कापून कच्ची शिलाई मारून ठेवते. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, माहेरी येशील तेव्हा फैजपूरहून इकडे एक दिवस काढ, अंगावर घालून बघू आणि तेव्हाचे जे माप भरेल त्यावर पक्की शिलाई मारू. येताना जुने ब्लाउजही घेऊन ये, सगळे एका दुपारी आत घेऊन देते. आईंना माझा नमस्कार सांग, आणि आज रात्री जेव.

तुझीच,
मैत्रीण