तट्टांच्या पायांखाली मुरूम घालण्यासाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

तपोवनाच्या बाजूला आमच्या मंडळाच्या तबेल्यात सध्या ११ तट्टे आहेत. काही टांग्याला जुंपलेली होती, काही वरातीत नाचत होती, आणि काम होईनासे झाल्यावर मालकांनी ती आमच्याकडे आणून सोडली. मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी त्यांच्या उभे राहण्याची जागा कोरडी व्हावी, यासाठी हे आवाहन करीत आहोत.

गोदेला पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर चढले, याची चौकशी सारे नाशिक करते. आमचा तबेला पुरापासून लांब असला तरी काळ्या मातीचा चिखल काही चुकत नाही. शेतात लावणीच्या दिवसांत माणसाच्या बोटांत चिखल्या होतात, चिखलात उभे राहून तट्टांच्या पायांना होणारा त्रास साधारण तसाच आहे: कातडी सतत ओली राहून मऊ पडते, मातीतल्या बारीक खड्यांनी ती सोलवटते आणि तेथून जिवाणू आत शिरतात. इंग्लंडसारख्या देशांत हा त्रास मुख्यतः हिवाळ्यात होतो, कारण तिकडची कुरणे थंडीतच चिखलाने भरतात. आपल्याकडे आषाढ-श्रावण हे त्याचे महिने, आणि अवकाळी पाऊस झाला तर पौषातही सुटका नाही. भीमथडीची तट्टे काटक म्हणून नावाजलेली, पण ओल्या कातडीपुढे काटकपणा चालत नाही.

आमच्याकडच्या एका घोडीचे मागचे दोन्ही पाय पांढरे आहेत, आणि पांढऱ्या केसांखालची गुलाबी कातडी जास्त नाजूक असते. गेल्या श्रावणात तिच्या खुराच्या वर, मागच्या खाचेत खपल्या धरल्या. एक खपली निघाली ती केसांच्या झुपक्यासकट, आणि खाली लालभडक ओली जखम दिसली. पाय सुजला, ती लंगडू लागली. यात चूक आमचीच होती. चिखल दिसला की आम्ही पाइपने पाय धूत होतो आणि तसेच ओले सोडत होतो. चिखल वाळू द्यावा व मग मऊ ब्रशने झाडावा, धुतलेच तर पाय पूर्ण टिपून कोरडे करावेत, हे पशुवैद्यकांनी सांगितल्यावर आम्हाला उमगले.

परंतु जागाच ओली असेल तर टिपून तरी किती टिपणार? म्हणून ३० फूट लांब व २० फूट रुंद जागेवर खाली सहा इंच खडी आणि वर सहा इंच मुरूम घालून कडेने पाण्यासाठी चर काढण्याचे ठरवले आहे. त्यासाठी तीन ब्रास खडी व तीन ब्रास मुरूम लागेल (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). कोणी माल दिला, कोणी वाहतुकीचा खर्च उचलला किंवा रोख रक्कम दिली, तरी पावती देऊन हिशेब तबेल्यातील फलकावर लावला जाईल. रविवारी सकाळी फावडे घेऊन येणाऱ्यांचेही स्वागत आहे.

मलमाच्या नळ्या मात्र कृपया आणू नयेत. गेल्या वर्षी त्या पुष्कळ आल्या. पण ओल्या, मळलेल्या पायावर मलम थापले तर ओल आतच कोंडते. त्याऐवजी घरातले जुने टॉवेल द्यावेत. एकाचा टॉवेल दुसऱ्याला वापरत नसल्याने ते बरेच लागतात. फाटके असले तरी चालतील, फक्त सुती असावेत.

आपले नम्र,
मंडळाचे कार्यकर्ते, नाशिक